हसू कोणाचे, हसे कोणाचे?

खेड्यातली असो की शहरातली, कोणत्याही शाळेच्या वर्गात आपल्या वस्तीतला एक पोरगा असा सापडतोच, जो साऱ्या वर्गाला हसवतो. तो हेडमास्तरांची नक्कल करतो, शिपायाची करतो. पण सर्वांत मोठा हशा मिळतो तो त्याने आपल्याच वस्तीची नक्कल केल्यावर. आजीची बोली, बापाचे अडखळत वाचणे, मोर्चातल्या घोषणा, घरातले कालवण, सगळे तो वर्गापुढे मांडतो. वर्ग खदखदा हसतो, गुरुजीही हसतात, आणि स्नेहसंमेलनाच्या यादीत त्याचे नाव सर्वांत वर लागते. त्या पोराने एक सौदा केला आहे, हे मात्र कोणाच्या ध्यानात येत नाही. "मला हसा, पण मला मारू नका. तुम्ही मला हसण्याआधी मीच मला हसतो," असा तो सौदा असतो. या सौद्याची किंमत तो पुढे आयुष्यभर फेडत राहतो.

असाच सौदा १९६० च्या दशकात इंग्लंडमधील डडली या गावातल्या एका काळ्या मुलाने केला होता. त्याचे नाव लेनी हेन्री. आज तो ब्रिटनमधील नामांकित विनोदकार आहे, लेखक आहे, मुलांसाठी पुस्तके लिहितो. त्याला 'सर' ही पदवी आहे आणि विद्यापीठाची डॉक्टरेटही आहे. पण त्याच्या यशाचे गोडवे गाण्यासाठी हा लेख नाही. विनोदाच्या बाजारात ज्याची जात किंवा ज्याचा रंग हाच विनोदाचा माल असतो, त्या माणसाने लेखणी आपल्या हातात कशी घेतली आणि घेतल्यावर तिचे काय केले, हे आंबेडकरी चळवळीच्या वाचकांनी तपासून पाहण्यासारखे आहे. बाबासाहेबांनी १९४६ साली डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून अमेरिकेतील काळ्यांच्या लढ्याशी नाते सांगितले. १९७२ मध्ये आपल्या तरुणांनी 'पँथर' हे नाव त्याच लढ्यातून उचलले. त्यामुळे काळ्या माणसाची गोष्ट आपल्याला परकी नाही.

आईचा हुकूम

लेनी हेन्री यांचा जन्म २९ ऑगस्ट १९५८ चा. आईवडील जमैकाचे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनला कारखान्यांत, रेल्वेत आणि दवाखान्यांत काम करायला माणसे हवी होती. १९४८ साली 'एम्पायर विंड्रश' हे जहाज कॅरिबियन बेटांवरील शेकडो माणसे घेऊन इंग्लंडच्या किनाऱ्याला लागले आणि त्यानंतरची दोन दशके हा ओघ चालू राहिला. हेन्रींची आई विनिफ्रेड १९५० च्या दशकात अशीच आली. ज्या साम्राज्याने त्यांच्या पूर्वजांना आफ्रिकेतून साखळदंडांत बांधून उसाच्या मळ्यांत राबवले, त्याच साम्राज्याच्या कारखान्यांत आता ती माणसे मजुरी करू लागली. 'खोली भाड्याने देणे आहे, पण काळ्यांना नाही' अशा पाट्या त्या काळी घरांवर लागत. गावकुसाबाहेर राहिलेल्या माणसाला अशा पाटीचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

डडलीच्या शेजारी वुल्व्हरहॅम्प्टन आहे. तेथील खासदार इनॉक पॉवेल याने २० एप्रिल १९६८ रोजी बर्मिंगहॅममध्ये काळ्या स्थलांतरितांविरुद्ध विखारी भाषण केले. ते भाषण ब्रिटनच्या इतिहासात 'रक्ताच्या नद्या' या नावानेच ओळखले जाते. त्या वेळी लेनी नऊ वर्षांचा होता. भाषणे नेते करतात, त्यांचा प्रसाद शाळेच्या मैदानावर पोरांना मिळतो. आईने मुलांना बजावून ठेवले होते की, या लोकांत मिसळा, त्यांच्यासारखे व्हा, म्हणजे टिकाल. हेन्रींनी २०१९ साली लिहिलेल्या 'हू ॲम आय, अगेन?' या आत्मचरित्रात आईच्या या हुकमाची गोष्ट सविस्तर येते. पोराने हुकूम मानला. मिसळायचा सर्वांत जवळचा रस्ता कोणता? हसवण्याचा. टीव्हीवरच्या गोऱ्या माणसांच्या नकला करायच्या आणि स्वतःच्या काळेपणावर आपणच विनोद करायचा.

शाळेनेही हात दिला नाही. त्या काळच्या इंग्लंडमध्ये अकराव्या वर्षी एक परीक्षा होई आणि त्या एका परीक्षेवर मुलांची वाटणी होई. वरची मुले विद्यापीठाच्या वाटेवर जात आणि उरलेली कारखान्याच्या. लेनी दुसऱ्या वाटेवर गेला. पुढे तो कारखान्यात उमेदवारी करू लागला. गुणवत्तेच्या नावाखाली अकरा वर्षांच्या पोराचे भवितव्य ठरवणाऱ्या व्यवस्थेला तेथेही 'मेरिट' असेच म्हणत होते.

काजळ फासलेल्या गोऱ्यांमध्ये

१९७५ मध्ये सोळा वर्षांच्या लेनीने 'न्यू फेसेस' ही टीव्हीवरील स्पर्धा जिंकली. गोऱ्या प्रेक्षकांना एका काळ्या पोराने गोऱ्या नटांची हुबेहूब नक्कल करावी याचेच अप्रूप होते. त्याच्या त्या काळातल्या विनोदांची जात ओळखणे सोपे आहे. प्रेक्षक हसले नाहीत तर तो धमकी देई की, तुमच्या शेजारी राहायला येईन! प्रेक्षक पोट धरून हसत. आता या विनोदाची चिरफाड करून पाहा. काळा माणूस शेजारी राहायला येणे ही आपत्ती आहे, हे आधी मान्य केल्याशिवाय यात हसण्यासारखे काही उरत नाही. म्हणजे विनोद सांगणारा स्वतःच्या अस्पृश्यतेवर सही करून देतो आणि मगच त्याला टाळी मिळते. वर्गात वस्तीची नक्कल करणारा आपला पोरगा हेच करत असतो.

मात्र त्याच काळातला दुसरा विनोद वेगळा आहे. पॉवेलच्या पंथाचे लोक काळ्यांना पैसे देऊन 'घरी' पाठवा म्हणत होते. हेन्री म्हणत की, छान झाले, मला डडलीला जायला बसचे चार आणेच लागतात, उरलेले पैसे खिशात! येथे हसे पॉवेलचे होते. माझे घर हेच आहे, हे त्या एका वाक्यात तो ठणकावून सांगतो. एकाच माणसाच्या तोंडचे हे दोन विनोद आहेत. पहिल्यात तो गुलाम आहे, दुसऱ्यात नागरिक.

पण बाजाराला पहिला विनोद हवा होता. स्पर्धा जिंकल्यावर या पोराला कोठे पाठवण्यात आले? 'ब्लॅक अँड व्हाइट मिन्स्ट्रेल शो' या रंगमंचीय कार्यक्रमात. या प्रकाराचा इतिहास समजून घेतला पाहिजे. १८३० च्या दशकात अमेरिकेत थॉमस राइस नावाचा गोरा नट तोंडाला काजळ फासून काळ्या गुलामाचे सोंग काढू लागला. त्या सोंगाचे नाव 'जिम क्रो'. पुढे काळ्यांना वेगळे ठेवणाऱ्या कायद्यांना याच सोंगाचे नाव पडले. आधी माणसाचे हसे करायचे आणि मग त्या हशाच्या पायावर कायदा उभा करायचा, हा क्रम आपण विसरता कामा नये. ब्रिटनच्या बीबीसीने हाच प्रकार १९५८ पासून १९७८ पर्यंत, तब्बल वीस वर्षे, टीव्हीवर दाखवला. एके काळी तो दीड कोटीहून अधिक लोक पाहत. १९६७ मध्ये वंशभेदविरोधी संघटनेने तो बंद करावा असा अर्ज बीबीसीला दिला. बीबीसीने दाद दिली नाही. आम्ही तर गंमत करतो, यात अपमान कसला, हा युक्तिवाद तिकडेही होता.

या कार्यक्रमाच्या रंगमंचीय दौऱ्यांत हेन्रींनी सुमारे पाच वर्षे काढली. सारे गोरे नट तोंडाला काळे फासत आणि त्यांच्यामध्ये उभा असलेला एकच खरा काळा माणूस म्हणजे हा अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा. तोंडाला रंग लावावा न लागणारा तो एकटाच, असा विनोदही त्याच्यावर होत असे. आपण तेथे असणे म्हणजे त्या अपमानाला मान्यतेचा शिक्का होता, हे त्याला कळत होते. पण करारात अडकला होता. त्या दिवसांनी आपल्याला खोल नैराश्यात ढकलले, हे त्यांनी पुढे वारंवार सांगितले आहे. २०१५ मध्ये याच दिवसांवर त्यांनी बीबीसीसाठी एक चित्रपट लिहिला. त्याचे नाव 'डॅनी अँड द ह्यूमन झू'. झू म्हणजे प्राणिसंग्रहालय. पिंजऱ्यातला प्राणी कोण होता, हे वेगळे सांगण्याची गरज नाही.

आपल्याकडे तमाशाच्या फडात पिढ्यान् पिढ्या आपल्याच माणसांनी ढोलकी वाजवली, सोंगाड्याचे काम केले, पाटलाला आणि सावकाराला हसवले. सोंगाड्याच्या जिभेला धार होती, बतावणीत तो पाटलाचीही टर उडवी. पण पहाटे फड संपला की सोंगाड्या पुन्हा महारवाड्यात, मांगवाड्यात, आणि पाटील वाड्यात. या परंपरेला कलाटणी दिली ती आंबेडकरी जलशांनी. भीमराव कर्डक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तमाशाचाच साचा घेतला, पण गण-गौळणीच्या जागी समतेचा विचार आणला आणि सोंगाड्याच्या विनोदाचे तोंड फिरवले. आता हसे होऊ लागले ते भटाच्या पोथीचे, सावकाराच्या खतावणीचे आणि आपल्यातल्या अंधश्रद्धेचे. हास्याचा रोख बदलणे ही क्रांतीच असते. हे आपल्या शाहिरांनी पिंपळाच्या पारावर, कंदिलाच्या उजेडात करून दाखवले.

रोख बदलला

हेन्रींच्या आयुष्यात हा रोख १९८० च्या सुमारास बदलू लागला. मधल्या काळात १९७६-७७ मध्ये 'द फॉस्टर्स' या मालिकेत त्यांनी काम केले. जवळपास सर्व नट काळे असलेली ती ब्रिटनमधील पहिली विनोदी मालिका. नॉर्मन बीटन या मातब्बर काळ्या नटाचा सहवास त्यांना तेथे मिळाला. त्यानंतर लंडनमध्ये तरुण विनोदकारांची एक नवी पिढी उभी राहिली. काळ्यांवर आणि बायकांवर विनोद करून पोट भरणार नाही, हा त्या पिढीचा बाणा होता. या संगतीत हेन्रींना पहिल्यांदा उमगले की, स्वतःला न झोडपताही लोकांना हसवता येते.

मग त्यांनी स्वतःची पात्रे उभी केली. 'द लेनी हेन्री शो' १९८४ मध्ये सुरू झाला. त्यातला डेल्बर्ट विल्किन्स हा लंडनच्या ब्रिक्स्टन भागातला, विनापरवाना रेडिओ चालवणारा बडबड्या तरुण. एप्रिल १९८१ मध्ये याच ब्रिक्स्टनमध्ये पोलिसांच्या झडत्यांना कंटाळलेले काळे तरुण रस्त्यावर उतरले होते. त्या वस्तीतला तरुण वर्तमानपत्रांनी गुंड म्हणून रंगवला. हेन्रींनी तो बोलका, स्वप्ने पाहणारा, फजिती होणारा, हवाहवासा माणूस म्हणून घराघरांत नेला. पुढे १९९३ ते १९९६ या काळातल्या 'शेफ!' या मालिकेत ते एका बड्या उपाहारगृहाचे तुसडे मुख्य आचारी झाले. तेथे त्यांचा रंग हा विनोदाचा विषयच नव्हता. त्यांच्या सगळ्याच पात्रांवर सगळे काळे प्रेक्षक खूश होते असे नाही. काही पात्रे जुन्याच साच्यातली आहेत, अशी टीका झाली आणि ती रास्त होती. वीस वर्षांची सवय एका दिवसात सुटत नाही.

दया आणि हक्क

आता त्यांच्या सर्वांत गाजलेल्या कामाकडे वळू आणि तेथे आपल्याला थोडे थांबावे लागेल. इथिओपियातील भीषण दुष्काळाच्या पार्श्वभूमीवर १९८५ मध्ये पटकथाकार रिचर्ड कर्टिस आणि हेन्री यांनी 'कॉमिक रिलीफ' ही संस्था सुरू केली. विनोदकारांनी लोकांना हसवायचे आणि पैसा गोळा करायचा. १९८८ च्या पहिल्या 'रेड नोज डे'ला दीड कोटी पौंड जमले. तीस वर्षांत हा आकडा १०० कोटी पौंडांच्या वर गेला. या पैशाने असंख्य लेकरांना लस मिळाली, शाळा मिळाली, हे नाकारण्याचे कारण नाही.

परंतु त्या कार्यक्रमात आफ्रिका नेहमी हात पसरलेली दिसली. गोरा कलावंत जाणार, काळ्या बाळाला उचलून घेणार, डोळे पुसणार आणि इंग्लंडमधला प्रेक्षक फोन करून पैसे देणार. खासदार डेव्हिड लॅमी यांनी २०१७ मध्ये आणि पुन्हा २०१९ मध्ये या चित्रणावर उघड टीका केली. आफ्रिकेतील माणूस स्वतःच्या तोंडाने का बोलत नाही, हा त्यांचा सवाल होता. अखेर २०२० मध्ये संस्थेने आफ्रिकेत नामवंतांना पाठवून असे चित्रण करणे थांबवत असल्याचे जाहीर केले. मार्च २०२४ मध्ये हेन्रींनी या कार्यक्रमाच्या सूत्रसंचालनातून निरोप घेतला. 'हरिजनांचा उद्धार' करायला निघालेली माणसे आपण पाहिली आहेत. भुकेल्याला भाकरी द्यावीच. पण भाकरी देणाऱ्याचा फोटो मोठा आणि भूक का लागली हा प्रश्न लहान झाला की समजावे, काहीतरी चुकते आहे. बाबासाहेबांनी आपल्याला दयेच्या ताटावरून उठवून हक्काच्या पंगतीत बसवले. हा फरक हेन्रींना उशिरा कळला असेल, पण कळला, आणि त्यांच्या आयुष्याचा उत्तरार्ध म्हणूनच आपल्या दृष्टीने जास्त मोलाचा आहे.

शिकला आणि मग हिशेब मागितला

कारखान्याच्या वाटेवर ढकललेला हा माणूस चाळिशी उलटल्यावर, नाव-पैसा सगळे मिळाल्यावर, पुन्हा वह्या-पुस्तके घेऊन बसला. मुक्त विद्यापीठातून त्याने इंग्रजी साहित्याची पदवी घेतली. नंतर पटकथालेखनात एम.ए. केले. आणि २०१८ मध्ये, वयाच्या साठीला टेकताना, लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातून डॉक्टरेट मिळवली. विषय होता खेळांवरचे चित्रपट, पटकथा आणि त्यांतली विविधता. डॉक्टरेटशिवाय त्यांचे काही अडले नव्हते. पण ज्या धंद्यात आपण वाढलो त्याचा पाया अभ्यासाने उकलून पाहायचा, ही जिद्द 'शिका' या आदेशावर वाढलेल्या समाजाला नक्कीच समजेल.

अभ्यासाचा परिणाम बोलण्यात दिसला. मार्च २०१४ मध्ये चित्रपट आणि टीव्ही कलांच्या 'बाफ्टा' या संस्थेच्या व्यासपीठावर त्यांनी भाषण केले. त्यात विनोद होते, पण मुद्दा आकड्यांचा होता. २००६ ते २०१२ या सहा वर्षांत ब्रिटनच्या टीव्ही-चित्रपट उद्योगातील काळ्या, आशियाई आणि इतर अल्पसंख्य कर्मचाऱ्यांची संख्या जवळपास ३१ टक्क्यांनी घटून त्यांचे प्रमाण ५.४ टक्क्यांवर आले होते. पडद्यावर एखादा काळा चेहरा दिसतो म्हणून सारे आलबेल समजू नका, पडद्यामागे कोण आहे ते पाहा, हे त्यांचे सांगणे होते. गोष्ट कोण लिहितो? पैसा कोणत्या गोष्टीवर लावायचा हे कोण ठरवतो?

त्यांनी उपायही सुचवला आणि तो ऐकून आपले कान टवकारले पाहिजेत. स्कॉटलंड, वेल्स अशा प्रदेशांना न्याय मिळावा म्हणून बीबीसीने कार्यक्रमांच्या पैशातला ठरावीक वाटा त्या प्रदेशांसाठी राखून ठेवला होता आणि तेथील निर्मिती वाढली होती. मग तसाच वाटा अल्पसंख्यांच्या सहभागासाठी राखून का ठेवू नये? म्हणजे काय? म्हणजे आरक्षण. सदिच्छेवर सोडू नका, रक्कम बाजूला काढा आणि हिशेब द्या. आपल्या शब्दांत सांगायचे तर, प्रतिनिधित्व.

उत्तर कसे आले? पुढच्याच महिन्यात एका उजव्या पक्षाच्या उमेदवाराने लिहिले की, या माणसाने एखाद्या काळ्या देशात निघून जावे. त्या बिचाऱ्याला ठाऊक नसावे की, कोळशाच्या काजळीमुळे डडलीच्या परिसरालाच शंभराहून अधिक वर्षे 'ब्लॅक कंट्री' म्हणतात. म्हणजे हेन्री जन्मापासून 'काळ्या देशा'तच राहत होते! नियतीही कधी कधी जलशातल्या सोंगाड्यासारखी वागते. पण विनोद बाजूला ठेवला तर उत्तर ओळखीचेच आहे. वाटा मागितला की 'निघून जा' म्हणायचे. आपल्याला 'सरकारचे जावई' म्हणतात, तेही याच वळणाचे.

हेन्री थांबले नाहीत. २०२० मध्ये बर्मिंगहॅम सिटी विद्यापीठात त्यांच्या नावाने माध्यमांतील विविधतेचे अभ्यासकेंद्र उभे राहिले. पत्रकार मार्कस रायडर यांच्यासह त्यांनी या विषयावर पुस्तके लिहिली. २०२३ मध्ये 'ऑगस्ट इन इंग्लंड' हे एकपात्री नाटक लिहून स्वतः सादर केले. लहानपणी जमैकाहून आलेल्या, आयुष्यभर इंग्लंडमध्ये राबलेल्या माणसाला कागद नाहीत म्हणून देशाबाहेर काढण्याची नोटीस येते, ही त्याची कथा. २०१८ मध्ये उघड झालेल्या 'विंड्रश' प्रकरणात हजारो माणसांवर असे संकट खरोखर आले होते.

त्यांना २०१५ मध्ये राणीकडून 'सर' ही पदवी मिळाली. साम्राज्याची पदवी त्यांनी का घ्यावी, असा प्रश्न काळ्या समाजातही विचारला जातो आणि तो विचारलाच पाहिजे. योगायोग असा की, १८३३ च्या कायद्याने गुलामगिरी संपवताना ब्रिटिश सरकारने गुलामांच्या मालकांना जी २ कोटी पौंडांची भरपाई दिली, त्यासाठी काढलेल्या कर्जाची फेडही २०१५ मध्येच पूर्ण झाली. भरपाई मालकांना मिळाली, गुलामांना छदामही नाही. आणि ते कर्ज फेडणाऱ्या करदात्यांत गुलामांचे वंशजही होते! २०२५ मध्ये 'सर' हेन्रींनी रायडर यांच्यासह 'द बिग पेबॅक' हे पुस्तक लिहून याच भरपाईचा हिशेब मागितला. पदवी घेतली, पण तोंड बंद केले नाही, एवढे त्यांच्या बाजूने नोंदवावे लागेल.

पंख असलेला मुलगा

आता त्यांच्या मुलांच्या पुस्तकांकडे येऊ. २०२१ मध्ये 'द बॉय विथ विंग्ज' ही त्यांची बालकादंबरी आली. टुंडे नावाचा बारा वर्षांचा काळा मुलगा. त्याला अचानक पंख फुटतात आणि जग वाचवण्याची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडते. भरपूर गंमत, भरपूर गोंधळ, मित्रांची टोळी आणि शेवटी उड्डाण. २०२२ मध्ये 'द बुक ऑफ लेजंड्स' आले, त्यानंतर टुंडेच्या आणखी गोष्टी आणि २०२४ मध्ये लहानग्यांसाठी एक चित्रपुस्तक. यात वंशभेदावर व्याख्यान नाही. काळा मुलगा येथे कोणाच्या दयेचा विषय नाही, कोणाचा नोकर नाही आणि कोणाच्या विनोदाचे गिऱ्हाईकही नाही. तो नायक आहे, एवढेच. लहानपणी लेनीने वाचलेल्या गोष्टींत हे 'एवढेच' त्याला कधी मिळाले नव्हते.

ही गोष्ट किरकोळ वाटत असेल तर एक पाहणी पाहा. लंडनच्या प्राथमिक साक्षरता केंद्राने २०१७ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेली मुलांची पुस्तके मोजली. इंग्लंडच्या प्राथमिक शाळांत अल्पसंख्य समाजांची मुले सुमारे ३२ टक्के. पण अशी पात्रे असलेली पुस्तके अवघी ४ टक्के, आणि मुख्य पात्र तसे असलेली केवळ १ टक्का! ओरड झाली, प्रमाण वाढले, २०२२ मध्ये ते ३० टक्क्यांवर गेले. पण २०२३ मध्ये पुन्हा १७ टक्क्यांवर घसरले. दबाव सैल झाला की दार पुन्हा लोटले जाते, हा याचा धडा. हेन्रींच्या आधी ही वाट मॅलरी ब्लॅकमन या काळ्या लेखिकेने पाडली होती. २०१३ मध्ये त्या ब्रिटनच्या 'चिल्ड्रन्स लॉरिएट' झाल्या, तो मान मिळवणाऱ्या पहिल्या काळ्या व्यक्ती. पुस्तकांत सगळ्या रंगांची मुले असावीत, एवढे म्हटल्याबद्दल २०१४ मध्ये त्यांच्यावर वंशद्वेषी शिव्यांचा भडिमार झाला.

याच धंद्यातले दुसरे उदाहरण शेजारी ठेवले की मुद्दा स्पष्ट होतो. डेव्हिड वॉलियम्स हेही ब्रिटनचे गाजलेले विनोदकार आणि बाललेखक, पुस्तकांच्या खपात हेन्रींच्या कितीतरी पुढे. त्यांच्या 'लिटल ब्रिटन' या मालिकेत गोऱ्या नटांनी रंग फासून काळ्यांची सोंगे काढली होती. २०२० मध्ये बीबीसीने ती मालिका आपल्या ऑनलाइन सेवेवरून काढली. २०२१ मध्ये त्यांच्या मुलांच्या एका कथासंग्रहातली चिनी वंशाच्या मुलाची थट्टा करणारी गोष्ट आक्षेपानंतर प्रकाशकाने वगळली. हसवण्याचे कसब दोघांकडे आहे. फरक एवढाच की, एकाने ज्या सोंगावर पोट भरले त्याच सोंगाच्या खाली दुसरा गुदमरत होता. म्हणून मुलांच्या हाती पुस्तक देताना हा भेद कळणारी लेखणी लागते.

आपल्या फळीवर काय आहे?

मराठी टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमांत आजही मोलकरणीची बोली, झोपडपट्टीतला पोरगा, काळी मुलगी आणि जाडी बाई यांच्यावर हशे पिकवले जातात. मे २०१२ मध्ये पाठ्यपुस्तकातल्या बाबासाहेबांवरील जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत वाद झाला, तेव्हा 'तुम्हाला विनोद कळत नाही' असे आपल्यालाच ऐकवले गेले. उन्नमती श्याम सुंदर यांनी २०१९ मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध केलेल्या संग्रहात १९३२ ते १९४८ या काळातील बाबासाहेबांवरची व्यंगचित्रे एकत्र केली आहेत. ती पाहिल्यावर विनोद कळत नाही कोणाला, हे आपोआप कळते. आपल्याला विनोद कळतो. तो कोणाच्या खर्चाने चालला आहे, हेही कळते.

पण दुसऱ्याला दोष देऊन भागणार नाही. आपल्याकडेही एक उणीव आहे आणि ती मला एका मुलीने दाखवली. काही वर्षांपूर्वी ६ डिसेंबरला दादरला पुस्तकांच्या एका दुकानापाशी उभा होतो. विदर्भातून आलेला एक बाप आपल्या नऊ-दहा वर्षांच्या लेकीसाठी पुस्तके निवडत होता. बाबासाहेबांचे चरित्र घेतले, फुल्यांचे घेतले, माता रमाईचे घेतले. मुलगी पुस्तके चाळत होती. मग तिने दुकानदाराला विचारले, "काका, हसायचं पुस्तक आहे का?" दुकानदाराने फळीवर पाहिले, खाली खोक्यात पाहिले आणि मान हलवली. बाप ओशाळून म्हणाला, "बाळा, आज हसायचा दिवस नाही." त्याचे म्हणणे खरेच होते. पण १४ एप्रिलला तरी ते पुस्तक त्या फळीवर असते काय?

आपण आपल्या लेकरांना महापुरुष दिले, संघर्ष दिला, अत्याचाराच्या नोंदी दिल्या. ते सारे द्यायलाच हवे होते. पण ज्या गोष्टीतल्या मुलीच्या घरात भिंतीवर बाबासाहेबांचा आणि बुद्धाचा फोटो आहे, जी रविवारी विहारात जाते, जिची आजी भीमगीते म्हणत भाकरी थापते, आणि जिला एके दिवशी पंख फुटतात, अशी गोष्ट आपल्या घरी किती मुलांनी वाचली? आपले लेकरू पुस्तकात दिसते तेव्हा ते बहुधा मार खाताना दिसते. खोडी काढताना, जिंकताना, खो-खो हसताना ते क्वचितच दिसते. दुःखाचे साहित्य आपण जगाला दिले. आनंदावरचा आपला हक्क मात्र आपण दुसऱ्यांच्या पुस्तकांवर सोडून दिला.

ज्या समाजाने कर्डकांचे जलसे पाहिले, वामनदादांची गाणी गायली, त्याला हसवणारे लेखक परक्याकडून आणावे लागणार नाहीत. ते आपल्या वस्त्यांतच आहेत. वर्गात नकला करणारा तो पोरगाच उद्याचा लेखक आहे. त्याच्या हाती वेळेवर वही दिली पाहिजे आणि त्याला सांगितले पाहिजे की, बाळा, आजीची बोली तू वर्गाला हसवायला विकू नकोस, त्या बोलीत गोष्ट लिही. आपल्या शिक्षक-शिक्षिकांनी, महिला मंडळांनी आणि विहारांतील वाचनालयांनी हे काम अंगावर घ्यावे. आपल्या प्रकाशकांनी चैत्यभूमी आणि दीक्षाभूमीवरच्या दुकानांत मुलांची एक वेगळी फळी लावावी. जयंतीच्या वर्गणीतला ठरावीक वाटा दरवर्षी अशा एका पुस्तकासाठी बाजूला काढून ठेवावा. हेन्रींनी बीबीसीकडे मागितला तसाच, राखून ठेवलेला, हिशेब द्यावा लागणारा वाटा. पहिले पुस्तक निघाले की ते त्या विदर्भातल्या मुलीपर्यंत पोहोचेल काय, हे मला माहीत नाही. ती आता मोठीही झाली असेल. पण तिच्यामागून येणाऱ्या मुलांना दुकानदाराने पुन्हा मान हलवून परत पाठवू नये.

जय भीम!